भास्कराचार्य आणि अपूर्णांकाने भागाकार

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव लागतं. तिथून जवळच, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचा परिसर आहे. थोर गणिती भास्कराचार्य याच भागातले, असं बरेच अभ्यासक मानतात.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. 'लीलावती' हा त्यातला अंकगणिताचा भाग. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी 'करणकुतूहल' हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला.

'लीलावती'ची सुरुवात होते ती मापांपासून. २४ अंगुळांचा एक हात, ४ हातांचा एक दंड. तशीच नाणी, वजनं, धान्याची मापं. अपूर्णांक येतात ते त्यानंतर. ज्याने भागायचं त्याचा अंश-छेद उलटा करून गुणायचं, हा आपण आजही शिकवतो तो नियम तिथे आहे. पण भास्कराचार्य नियमावर थांबत नाहीत, पुढे उदाहरणं देतात.

त्यातलं एक बघा. चार झरे एक तळं भरतात. पहिला १ दिवसात, दुसरा १/२ दिवसात, तिसरा १/३ आणि चौथा १/६ दिवसात. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? मुलं पटकन चारही वेळांची बेरीज करतात आणि २ दिवस सांगतात. आता विचारा, एकटा चौथा झरा १/६ दिवसात तळं भरतो, मग चौघांना मिळून २ दिवस कसे लागतील? वर्ग विचारात पडतो. इथेच भागाकार कामाला येतो. १ ÷ १/६ = ६, म्हणजे चौथा झरा दिवसाला ६ तळी भरेल. तशीच बाकीच्यांची १, २ आणि ३. एकूण १२ तळी. म्हणून एका तळ्याला १/१२ दिवस, म्हणजे २ तास.

घरी पालकांनाही हे करून घेता येईल. ६ लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचं आहे. ६ लिटरचे २४ पाव होतात. एका बाटलीत ३ पाव, म्हणून बाटल्या ८. आपण ४ ने गुणलं आणि ३ ने भागलं. 'उलटा करून गुणा' म्हणजे नेमकं हेच. भागाकार करूनही उत्तर ६ पेक्षा मोठं का आलं, हेही मुलांना आपोआप कळतं.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. तो मठ आज नाही, पण नियम आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. तो नुसता पाठ करून न घेता तळं आणि तेलाची बाटली यांच्यासकट शिकवणं आपल्या हातात आहे.