रस आटवला आणि गुण गेला : डॉ. जेम्स लिंड

मेसच्या ताटात लिंबाची फोड येते. आपल्यातले निम्मे जण ती न पिळताच उठतात. पण मित्रांनो, याच फोडीवाचून एकेकाळी जहाजंच्या जहाजं ओस पडायची! लढाईपेक्षा जास्त खलाशी स्कर्व्हीने मरायचे. हिरड्या सुजून रक्त यायचं, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. या रोगावरचा उपाय दाखवून देणारे डॉक्टर म्हणजे जेम्स लिंड.

लिंड यांचा जन्म १७१६ साली एडिनबरोला झाला. तिथेच एका सर्जनकडे उमेदवारी करून १७३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलात शिरले. १७४७ च्या मे महिन्यात 'सॅलिस्बरी' जहाजावर स्कर्व्हीची साथ आली. लिंड यांनी सारख्याच अवस्थेतले १२ रोगी निवडले, सगळ्यांना एकच जेवण ठेवलं आणि दोघादोघांच्या सहा जोड्या पाडल्या. एका जोडीला सायडर, दुसरीला पातळ केलेलं गंधकाम्ल, मग व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरीची चटणीवजा गोळी. आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्या जोडीतला एकजण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करू लागला. आपण लॅबमध्ये एकच गोष्ट बदलून बाकी सगळं स्थिर ठेवतो ना, तसाच हा प्रयोग!

१७५३ मध्ये त्यांचा स्कर्व्हीवरचा ग्रंथ आला. पण खरी गोम पुढेच आहे. फळं महिनोन्‌महिने टिकणार कशी? लिंड यांनी युक्ती काढली. रस मातीच्या झिलईदार भांड्यात घालायचा, ते भांडं गरम पाण्यात ठेवायचं आणि रस उकळू न देता तासन्‌तास आटवून त्याचा पाक करायचा. याला 'रॉब' म्हणत. थोडक्या जागेत भरपूर रस! इंजिनियरला आवडावी अशीच कल्पना. पण क जीवनसत्त्व उष्णता आणि हवा दोन्हींना नाजूक. पाक आटवताना बराचसा गुण गेला, उरलासुरला साठवणीत. खलाशांना रॉबचा गुण येईना आणि लोकांचा लिंबावरचाच विश्वास डळमळला. लिंड यांना स्वतःला तरी हे कुठून कळणार? जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

त्याच काळात कॅप्टन कुक यांनी आपल्या जहाजावर एक नियम केला होता. तांब्याच्या हंड्यात खारवलेलं मांस शिजताना वर येणारी चरबी कुणी खायची नाही. त्यामागचं रसायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण तांब्याच्या संपर्कात क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं हे आज माहीत आहे.

१७५८ पासून लिंड हॅस्लरच्या नौदल रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होते. तिथे त्यांनी शेकडो स्कर्व्हीचे रोगी पाहिले. १७९४ मध्ये ते वारले. आणि पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, डॉ. गिल्बर्ट ब्लेन यांच्या प्रयत्नांनी नौदलाने लिंबाचा रस मंजूर केला. प्रयोगापासून ४८ वर्षांनी! काही वर्षांतच ताफ्यातून स्कर्व्ही जवळपास हद्दपार झाली. ते पाहायला लिंड मात्र नव्हते.

यावरून सगळं कच्चंच खावं, असं कुणी समजू नये. टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं कॅरोटिन ही अँटिऑक्सिडंट्स तेलात विरघळणारी. ती शिजवून, थोड्या तेला-तुपाबरोबर खाल्ली तर अंगी जास्त लागतात. लिंबाचं मात्र उलटं. म्हणजे पदार्थ कोणता आणि त्यातला गुण कशात विरघळतो, ते बघायला हवं.

तेव्हा आज रात्री मेसची आमटी गरमागरम वाढून घ्या, पण लिंबू खाली उतरवलेल्या ताटातच पिळा. आणि हो, फोड टाकून उठू नका!