गणितानंद कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

आपल्या शेगाव, नांदुरा, मलकापूर ह्या स्थानकांवरून मुंबईस जाणारा लोहमार्ग नाशिक रोड सोडल्यावर देवळालीस पोहोचतो. ह्याच देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शाळामास्तरकी करीत कै. कापरेकरांनी संख्यांची एकनिष्ठ उपासना केली.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील पेशाने कारकून, परंतु ज्योतिषाचे व्यासंगी. त्यामुळे आकडेमोडीची गोडी घरातच लागली. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळविले व १९२९ साली ते बी.एस्‌सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही.

पदवीवाचून त्यांचे काही अडलेही नाही. नऊ एकांच्या संख्येस तिनेच गुणिले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढावे आणि पुन्हा एकापर्यंत उतरावे, अशी तिची रचना! अशा संख्यांची कल्पना ज्या स्थानकावर सुचली, त्या डोंबिवलीच्या तत्कालीन ‘डेमलो’ ह्या नावावरून त्यांनी त्यांस ‘डेमलो संख्या’ म्हटले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. वरील संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते. नऊ एकांच्या संख्येस ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ ने भाग जाणारच. तात्पर्य, ही डेमलो संख्या हर्षदही आहे.

त्यांचे नाव अजरामर झाले ते ६१७४ ह्या संख्येमुळे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, व आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या वेळी ६१७४ येते. सात पायऱ्यांच्या आत हे उत्तर आलेच पाहिजे.

स्वदेशीच्या अनेक विद्वानांनी हे सारे क्षुल्लक मानले. कापरेकर मात्र पदरमोड करून पुस्तिका छापीत राहिले. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडू लागले, तेव्हा शिकवण्या करून त्यांनी निर्वाह चालविला. व्यासंग सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले, आणि मगच जगाचे लक्ष तिकडे वळले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते निवर्तले.

स्मरणिकेच्या पानांवर आपण पदव्या व हुद्दे अगत्याने छापतो. ते योग्यच आहे. परंतु पाटीवर अंक मांडून रमणारे एखादे मूल आपल्या घरी असेल, तर त्याला रिकामटेकडे म्हणण्यापूर्वी देवळालीच्या ह्या मास्तरांचे स्मरण करावे, इतकीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती.