निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

शुभवर्तमानांतील तिसऱ्या चाकराचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. धन्यानें सोंपविलेलें द्रव्य त्यानें चोरलें नाहीं, उधळलें नाहीं. जमिनींत पुरून ठेवून जसेंच्या तसें परत केलें. तरी धन्यानें त्यास दोषी ठरविलें. स्वतः लांच न घेणारा, परंतु डोळ्यांदेखत चाललेल्या अन्यायापुढें मौन धरणारा मनुष्य या चाकराचा सख्खा भाऊ होय, असें आम्हांस वाटतें. त्याची सचोटी खरी. पण ती पुरलेली. म्हणून या महोत्सवाच्या पुस्तिकेंत, ज्यानें आपली सचोटी पुरून ठेविली नाहीं अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही थोडक्यांत सांगतों. रामशास्त्री प्रभुणे ख्रिस्ती नव्हते. परंतु देवानें आपला नियम मनुष्यमात्राच्या अंतःकरणावर लिहिला आहे, ही संत पौलाची शिकवण ज्यांस मान्य आहे, त्यांस ते परके वाटणार नाहींत.

त्यांचा जन्म साताऱ्याजवळ, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली गांवीं झाला. बाळपणीं विद्या झाली नव्हती. तारुण्यांत काशीस जाऊन त्यांनीं शास्त्राध्ययन केलें, असें परंपरा सांगते. इ. स. १७५१ त ते पेशव्यांच्या सेवेंत शिरले व १७५९ त पुण्यास न्यायाधीश झाले. आमचा शिरूर व दौंडकडील मुलूख तेव्हां पुण्याच्याच सत्तेखालीं होता.

एवढ्या मोठ्या अधिकारावर असूनही त्यांच्या घरीं एका दिवसास पुरेल त्याहून अधिक सांठा नसे. एकदां विद्वानांस दक्षिणा वांटतांना त्यांचे वडील बंधु पुढें आले. नाना फडणिसांनीं वीस रुपये सुचविले. शास्त्रीबोवांनीं, बंधूंची विद्या बेताची असल्यामुळें, सरकारांतून इतरांप्रमाणें दोनच रुपये द्यावयास लाविले. भाऊ म्हणून जें द्यावयाचें तें आपण घरांतून देऊं असें सांगितलें. ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते.

थोरले माधवराव पेशवे एके काळीं जपजाप्यांत फार वेळ घालवूं लागले व राज्यकारभार खोळंबला. रामशास्त्र्यांनीं काशीस जाण्याची रजा मागितली. राज्य करावयाचें तर प्रजेचें पालन हाच धर्म. तें नको असेल तर गादी सोडावी व दोघांनींही गंगातीरीं जाऊन राहावें, असें त्यांनीं धन्यास स्पष्ट बजाविलें. माधवरावांनीं तें मानिलें. पुण्याहून दौंडास येतांना ज्याचा फांटा लागतो, त्या थेऊर येथें १७७२ त हे गुणी पेशवे निवर्तले.

येथवर ऐकणाऱ्या धन्यास सांगावयाचें होतें. खरी कसोटी पुढें होती. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. सत्ता चुलते रघुनाथराव यांच्या हातीं गेली. ज्यांचा त्या कटाशीं संबंध नव्हता, अशा कित्येक थोर कारभाऱ्यांनींही तूर्त नव्या धन्याची चाकरी पत्करली. हात स्वच्छ होते. तोंडें मात्र बंद होतीं.

रामशास्त्र्यांनीं बाजारगप्पांवर भरंवसा ठेविला नाहीं. सुमारें दीड महिना त्यांनीं कसून चौकशी केली, आणि पुरावा खुद्द रघुनाथरावांपाशीं येऊन ठेपला. धरण्याच्या हुकुमांत अक्षर फिरवून तो मारण्याचा केला गेला, ही हकीकत ‘ध’ चा ‘मा’ करणें या बोलण्यांत अद्याप जिवंत आहे. या पातकास देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असा निर्णय रामशास्त्र्यांनीं सत्ताधीशाच्या तोंडावर सांगितला. त्यांच्या अमलाखालीं आपण चाकरी करणार नाहीं, असेंही सांगून त्यांनीं पद सोडलें व वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

रघुनाथरावांस ती शिक्षा कधींच झाली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. न्यायाधीशाजवळ फौज नव्हती. परंतु खुनास खून म्हणणारा एक तरी आवाज उठला होता. १७७४ त बारभाईंनीं पुण्याचा कारभार हातीं घेतला व रामशास्त्र्यांस सन्मानानें परत बोलाविलें. १७८९ त देह ठेवीपर्यंत त्यांनीं न्यायासनाची सेवा केली.

या चरित्रांत आम्हांस एक गोष्ट विशेष दिसते. त्यांची साधी राहणी व त्यांची निर्भयता हे दोन निरनिराळे गुण नव्हते. ज्याच्या घरीं उद्यांचा सांठा नाहीं, त्यास पद जाण्याची भीति कोण घालणार? सचोटी हें भांडवल होतें. वेळ येतांच तें त्यांनीं सारें खर्चिलें. पिलातानें प्रभु येशूच्या ठायीं दोष नाहीं हें जाणलें, आणि हात धुतले. योहान बाप्तिस्त्यानें हेरोदास त्याचें पाप तोंडावर सांगितलें, आणि शिर दिलें. स्वच्छ हातांचे मार्ग असे दोन आहेत.

आमच्या धर्मग्रामांत शेतकरी आहेत, रेल्वेचे चाकर आहेत, शिक्षक व कचेरींतील कारकून आहेत. उसाचा कांटा, रेशनचें दुकान, सातबाऱ्याचा उतारा, ग्रामपंचायतीचा हिशेब या ठिकाणीं आपली कसोटी लागते. आपण न्यायाधीश नाहीं, ही सबब आतां पुरी पडत नाहीं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपये भरून साधा नागरिकही सरकारी कचेरीस हिशेब विचारूं शकतो. मात्र रामशास्त्र्यांचा क्रम विसरूं नये. आधीं आपलें घर स्वच्छ, मग कसून चौकशी, मग तोंडावर बोलणें, आणि शेवटीं त्याची किंमत स्वतः देणें. चौकशीवांचून आरोप करणें ही चहाडी होय, आणि तेंही पापच.

मिस्साच्या आरंभीं आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतों. या महोत्सवाच्या वर्षीं ते शब्द उच्चारतांना आपण क्षणभर थांबावें, व आपल्या अंगणांत कोणती थैली पुरलेली आहे तें पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.