सद्भाव आणि पत : अहिल्यादेवींच्या चरित्रातून

चालते दुकान एकाने दुसऱ्यास विकले, म्हणजे मालाची व फळ्या-तराजूंची किंमत तर होतेच. शिवाय आणखी एक रक्कम कागदावर मांडली जाते. तिला 'गुडविल' म्हणतात. आपल्या बाजारात तिला पत म्हणत आले आहेत. धार जिल्ह्यात नर्मदेच्या पाणलोटात निसरपूर नावाचे बाजारगाव आहे. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले आणि तेथील जुनी बाजारपेठ पाण्याखाली गेली. भिंती बुडाल्या, बैठकीची जागा बुडाली. नव्या वसाहतीत व्यापाऱ्याला बरोबर नेता आली ती गिऱ्हाइकाच्या मनातली पत. ती कशाने निर्माण होते, हे पाहावयाचे असेल तर त्याच नदीच्या काठाने वर महेश्वरपर्यंत चला.

अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे, पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुढल्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. एवढे आघात सोसून त्यांनी कारभार हाती घेतला. महेश्वर ही राजधानी केली, तेथे विणकर वसविले. त्यांची देवळे व घाट आपणास ठाऊकच आहेत. त्यांविषयी येथे लिहीत नाही.

मला सांगावयाचे आहे ते त्यांनी काय घेतले नाही याविषयी. त्या काळी एखादा सावकार निपुत्रिक वारला, की त्याच्या धनावर सत्ताधाऱ्याची दृष्टी जाई. इंदूरजवळ तुकोजी होळकरांची छावणी असता असेच घडले. काही लोकांच्या चिथावणीने तुकोजींनी मृत सावकाराच्या संपत्तीत वाटा मागितला. विधवा महेश्वरी धावली. देवींनी तिला मानाची वस्त्रे देऊन पतीच्या सर्व मालमत्तेची धनीण ठरविले, आणि तुकोजींना इंदुरापासून छावणी हलविण्याची आज्ञा केली. लक्षात घ्या, तुकोजी हे त्यांचे सेनापती. फौज त्यांच्या हाती होती. त्यांना दुखविण्याची जोखीम देवींनी एका निराधार बाईसाठी पत्करली.

सिरोंजच्या एका सावकाराच्या घरीही हाच प्रसंग आला. तेथील अंमलदाराने विधवेकडे मोठी लाच मागितली; न दिल्यास सारे धन सरकारजमा करवितो, अशी धमकी दिली. देवींनी अंमलदारास काढून टाकले आणि तिने घेतलेला दत्तक मान्य केला. खरगोणला तर विधवा आपण होऊन धन देऊ लागल्या. तेही नाकारून त्यांनी लोकोपयोगी कामात खर्च करण्याचा सल्ला दिला. त्यातून नदीवर घाट व गणपतीचे देऊळ उभे राहिले.

गोड बोलणे म्हणजे सद्भाव, अशी आपली समजूत असते. गोड तर ठकही बोलतो. ज्याला घेता येते, घेतल्यास विचारणारा कोणी नाही, तो हात आवरतो तेव्हा समोरच्याचे मन निर्भय होते. निर्भय सावकारच भांडवल गुंतवतो. त्यांच्या कारकिर्दीत लहानसे इंदूर मोठी पेठ झाले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. कारभारी गोविंदपंत गानू हेही अखेरपर्यंत तेच राहिले. माणसे वरचेवर बदलणाऱ्या पेढीवर कोण ठेव ठेवील?

डोंगरवाटांवर भिल्ल माल लुटीत. समजुतीने भागेना तेथे देवींनी कठोर शिक्षाही केल्या, हे लपविण्याचे कारण नाही. पण नुसत्या शिक्षेवर त्या थांबल्या नाहीत. घाटातून जाणाऱ्या मालावर 'भिलकवडी' हा थोडासा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला, पडीक जमिनी कसावयास दिल्या, आणि आपल्या हद्दीतील चोरीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. वाट मारणाऱ्याला वाट राखण्यात लाभ दिसू लागला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले. पुढे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने माळव्यात हिंडून माहिती गोळा केली व १८२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वरील हकिकती त्याने नोंदविल्या आहेत. एवढी स्तुती खरी कशी, असा संशय येऊन त्याने पुन्हा पुन्हा चौकशी केली, तरी निराळे काही हाती लागले नाही.

त्यानेच आणखी एक गोष्ट लिहिली आहे. एका ब्राह्मणाने देवींच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, नंतर नर्मदेत सोडावयास सांगितला, आणि ग्रंथकाराकडे पुन्हा लक्ष दिले नाही.