घर दिले, मत घेतले

आल्फ्रेड क्रुप या जर्मन पोलादसम्राटाचे चरित्र चळवळीतल्या माणसाने जरूर वाचावे, असे आम्हांस वाटते. एसेन गावी १८१२ साली तो जन्मला. बाप पोलाद ओतण्याच्या प्रयोगांत कर्जबाजारी होऊन १८२६ साली वारला. चौदा वर्षांच्या पोराने शाळा सोडली आणि सातेक कामगारांसह भट्टी हाती घेतली. त्याचे कष्ट आम्ही नाकारत नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याने सुमारे दोन टनांचा एकसंध पोलादी ठोकळा मांडला. पुढे रेल्वेच्या चाकाची बिनजोड पोलादी धाव काढून पैसा मिळवला. कंपनीच्या चिन्हातली तीन कडी म्हणजे याच धावा. मग तोफा आल्या. १८६६ च्या युद्धात प्रशियाकडे त्याच्या तोफा होत्या. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सने त्यांचा मारा सोसला.

पण आम्हांस अडवतो तो दयाळू क्रुप. आजारपणाचा निधी, पेन्शन, स्वस्त धान्याची दुकाने, कामगारांच्या वसाहती हे सारे त्याने दिले. त्या काळी एवढे देणारे मालक थोडेच होते. मात्र वकिलाच्या नजरेने अटी वाचल्या की चित्र पालटते. नोकरी गेली की घर गेले. कारखाना सोडणाऱ्याने पेन्शनसाठी भरलेली वर्गणीही बुडाली. म्हणजे मिळाले ते मालकाच्या मर्जीने, हक्काने नव्हे. १८७२ ची त्याची बहात्तर कलमांची नियमावली कामगाराकडून पूर्ण निष्ठा मागते. १८७७ साली त्याने कामगारांना लेखी बजावले की राजकारणात पडू नका, आपले घर सांभाळा. समाजवादी म्हणून ओळखले गेलेले कामगार कामावरून काढले गेले. स्वतः क्रुप तेव्हा व्हिला ह्युगेल या २६९ खोल्यांच्या वाड्यात राहत होता.

आणि राजकारण मालकाला वर्ज्य होते काय? मुळीच नाही. प्रशियात कर भरण्याच्या ऐपतीप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग पाडले जात आणि प्रत्येक वर्ग एक तृतीयांश प्रतिनिधी निवडी. एसेनमध्ये काही काळ पहिल्या वर्गात क्रुप हा एकटाच मतदार होता. नगरपालिकेचे एक तृतीयांश सदस्य एका माणसाच्या मताने! एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हा बाबासाहेबांचा आग्रह ज्यांना पुस्तकी वाटतो, त्यांनी एसेनची ती मतदारयादी डोळ्यांपुढे आणावी. मतदानही गुप्त नव्हते. मालकाच्या घरात राहणाऱ्याने मालकाच्या माणसांदेखत मत सांगायचे.

१८८७ च्या जुलैत आल्फ्रेड वारला, तेव्हा त्याच्या पदरी सुमारे वीस हजार कामगार होते. कारखाना आणि वसाहती मुलाकडे गेल्या, आणि त्यांबरोबर पहिल्या वर्गातले ते मतही.