सिग्रिड उंडसेट : घर, श्रद्धा आणि लेखणी

१ नोव्हेंबर १९२४, सर्व संतांचा सण. नॉर्वे देशातील हामार या लहानशा शहरात बेचाळीस वर्षांच्या एका लेखिकेचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार करण्यात आला. तिचे नाव सिग्रिड उंडसेट. त्या वेळी ती आपल्या देशातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या साहित्यिकांपैकी एक होती. तिची तीन खंडांची महाकादंबरी नुकतीच पूर्ण झाली होती आणि चार वर्षांनी तिला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळणार होते. अशा व्यक्तीने कॅथलिक व्हावे, ही गोष्ट त्या काळच्या नॉर्वेला धक्का देणारी ठरली.

तेथे १५३७ साली राजसत्तेने धर्मसुधारणा लागू केली आणि कॅथलिक धर्म जवळजवळ नामशेष झाला. येशूसंघीय धर्मगुरूंना त्या देशात प्रवेश करण्याची बंदी तर १९५६ सालापर्यंत कायम होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कॅथलिक म्हणजे मूठभर माणसे, त्यांतही बरीच परदेशातून आलेली. सुशिक्षित वर्गात कॅथलिक श्रद्धा ही भूतकाळात जमा झालेली वस्तू समजली जाई. सिग्रिडच्या घरचे वातावरणही याहून वेगळे नव्हते.

तिचा जन्म २० मे १८८२ रोजी डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे झाला. आई शार्लोट डॅनिश. वडील इंगवाल्ड उंडसेट हे नॉर्वेचे नामवंत पुरातत्त्वज्ञ. उत्तर युरोपातील लोहयुगाचा आरंभ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सिग्रिड दोन वर्षांची असताना हे कुटुंब नॉर्वेच्या राजधानीत, म्हणजे आजच्या ओस्लोत, राहावयास आले. तीन बहिणींत ती थोरली. आईवडील मुक्त विचारांचे होते. लुथरन पंथाचे संस्कार रीत म्हणून होत, प्रार्थनेला घरात फारसे स्थान नव्हते. मात्र प्राचीन वस्तू आणि जुन्या कथा यांत ही मुलगी वाढली. वडील आजाराने अंथरुणाला खिळले तेव्हा ती त्यांना जुन्या नॉर्स वीरगाथा वाचून दाखवीत असे. दहाव्या वर्षी आजोळच्या नव्हे, तर वडिलांच्या माहेरगावी, त्रोन्धेम येथे, तिच्या हाती 'न्यालची गाथा' हा ग्रंथ पडला आणि मध्ययुगाची ओढ तिला कायमची लागली. १८९३ साली वडील वारले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

पुढे दारिद्र्य आले. शाळेच्या मुख्याध्यापिकेने फी माफ करण्याची तयारी दाखविली, तरी महाविद्यालयीन शिक्षणाचा मार्ग तिने धरला नाही. सोळाव्या वर्षी ती एका जर्मन विद्युत कंपनीच्या कचेरीत नोकरीस लागली आणि तेथे दहा वर्षे तिने टंकलेखन व पत्रव्यवहाराचे काम केले. दिवसा कचेरी, रात्री लेखन. मध्ययुगीन डेन्मार्कवरील पहिली कादंबरी घेऊन ती प्रकाशकाकडे गेली तेव्हा, ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस, असा सल्ला तिला मिळाला. साहित्याच्या इतिहासात प्रकाशकांनी दिलेल्या चुकीच्या सल्ल्यांची यादी कोणी केली, तर हा सल्ला त्यात बराच वर बसेल. तिने समकालीन विषय घेतला. १९०७ साली प्रसिद्ध झालेली तिची पहिली कादंबरी विवाहातील व्यभिचाराविषयी होती आणि तिने खळबळ माजविली. पतीपत्नींतील निष्ठा आणि तिचा भंग, हा विषय तिने नंतर कधीच सोडला नाही.

लेखनासाठी मिळालेल्या प्रवासवृत्तीवर १९०९ साली ती रोमला गेली. तेथे आंदर्स स्वार्स्टाड या नॉर्वेजियन चित्रकाराशी तिची भेट झाली. तो विवाहित होता, तीन मुलांचा पिता होता. त्याचा घटस्फोट झाल्यावर १९१२ साली बेल्जियममधील अँटवर्प येथे दोघांनी विवाह केला. १९१३ साली थोरला मुलगा आंदर्स रोममध्ये जन्मला. १९१५ साली मुलगी झाली, मारेन शार्लोट. घरात तिला मोस्स म्हणत. ही मुलगी मतिमंद असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. पतीच्या पहिल्या विवाहाची तिन्ही मुलेही काही काळ सिग्रिडकडेच होती आणि त्यांतील एकजणही मानसिक दृष्ट्या दुर्बल होता. पहिले महायुद्ध, टंचाई, पैशांची ओढाताण आणि या साऱ्या मुलांचे करणे. अशा घरात संसाराचा गाडा ओढणारी स्त्री लिहिते केव्हा, असा प्रश्न आमच्या वाचक भगिनींना पडेल. ती रात्री लिहीत असे. मुले झोपली की बसायचे, ते पहाटेपर्यंत. काळी कॉफी आणि सिगारेट यांची सोबत असे. या दुसऱ्या सवयीची शिफारस आम्ही करीत नाही.

१९१९ साली तिसऱ्या अपत्याच्या वेळी गरोदर असलेली सिग्रिड दोन मुलांना घेऊन लिलेहामर येथे आली. धाकटा हान्स तेथे जन्मला. पती पुन्हा तिच्यासोबत राहावयास आला नाही. संसार मोडला होता. तेथील ब्येर्केबेक नावाचे लाकडी घर तिने विकत घेतले आणि पुढील काही वर्षांत त्याच घरात 'क्रिस्टिन लाव्हरान्सडॅटर', म्हणजे लाव्हरान्सची मुलगी क्रिस्टिन, ही कादंबरी लिहून पूर्ण केली. १९२०, १९२१ आणि १९२२ अशी लागोपाठ तीन वर्षे तिचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्यांची नावे मराठीत 'पुष्पमुकुट', 'गृहस्वामिनी' आणि 'क्रूस' अशी होतील.

ही कथा चौदाव्या शतकातील नॉर्वेची. लाव्हरान्स हा श्रद्धाळू, सचोटीचा जमीनदार. क्रिस्टिन त्याची लाडकी लेक. पित्याने सिमोन नावाच्या सज्जन तरुणाशी तिचे लग्न ठरविले असताना ती एर्लेंड या देखण्या व उथळ सरदाराच्या प्रेमात पडते. एर्लेंडने पूर्वी दुसऱ्याच्या पत्नीसह संसार थाटलेला. क्रिस्टिन हट्टाने त्याच्याशीच विवाह करते. मस्तकी वधूचा मुकुट आणि पोटी मूल, अशा स्थितीत ती वेदीपुढे उभी राहते आणि ही गोष्ट पित्याला ठाऊक नसते. पुढे तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन ती अनवाणी पायांनी निदारोसला, संत ओलाव्ह यांच्या समाधीस्थानी, प्रायश्चित्तासाठी जाते. पित्याची क्षमा तिला मिळते. मात्र एर्लेंडविषयीचा रोष ती स्वतःच मनात जपून ठेवते. आयुष्यभर पतीची प्रत्येक चूक तिला आठवते. पापाबद्दल तिला पश्चात्ताप होतो, परंतु तिच्या पापात जो भागीदार होता त्याला क्षमा करणे तिला जमत नाही. कौटुंबिक समुपदेशन करणाऱ्या कोणाही धर्मगुरूला हे दुखणे परिचित आहे, आणि इतक्या सूक्ष्मपणे ते मांडलेले आम्ही अन्यत्र क्वचितच वाचले आहे.

या कादंबरीतील एक उपकथा आम्हांला विशेष भिडते. क्रिस्टिनची धाकटी बहीण उल्व्हिल्ड लहानपणी लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून पंगू होते. तिच्या दुखण्याभोवती सारे घर वर्षानुवर्षे फिरत राहते, आईवडिलांचे हृदय पोळत राहते आणि अखेर ती कोवळ्या वयातच जाते. हा भाग लिहिला जात असताना शेजारच्या खोलीत मोस्स झोपलेली असे. लेखिकेने आपले दुःख कोठेही उघड केलेले नाही. तरीही दोन्ही घरांतील दिवा एकच आहे, असे आम्हांला वाटते.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. लहानगी क्रिस्टिन पित्यासोबत हामारला जाते. तेथे बंधू एडविन हा वृद्ध संन्यासी तिला महामंदिराच्या परातीवर चढवून रंगीत काचांच्या खिडक्या जवळून दाखवितो आणि काचेतून आलेला प्रकाश मुलीच्या अंगावर पडतो. त्या महामंदिराचे आज केवळ भग्नावशेष उरले आहेत. हा प्रसंग लिहिल्यावर चार वर्षांनी लेखिका स्वतः त्याच हामार शहरी कॅथलिक झाली.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मध्ययुगाच्या प्रेमामुळे, जुन्या मंदिरांच्या नि विधींच्या सौंदर्यामुळे ती कॅथलिक झाली, असे तिचे टीकाकार म्हणत. हे म्हणणे आम्हांला पटत नाही. सौंदर्याची किंमत इतकी जबर नसते. स्वार्स्टाडची पहिली पत्नी हयात असताना हा विवाह झालेला होता. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो विवाह नव्हता. ज्या नात्यासाठी तिने तारुण्यातील वर्षे वेचली, ज्यातून तिची तीन मुले जन्मली, ते नाते वैध नव्हते हे तिला मान्य करावे लागले. शिक्षण घेताना हे सारे तिला स्पष्टपणे ठाऊक होते. तिने ते स्वीकारले आणि अखेरपर्यंत पुन्हा विवाह केला नाही. आपण नैतिक नियम निर्माण करीत नाही, ते आपल्याआधीपासून आहेत आणि माणूस बदलत्या काळातही आतून फारसा बदलत नाही, या निष्कर्षाला ती इतिहास वाचता वाचता आणि मुले वाढविता वाढविता आली होती. संत काल्पनिक नव्हते, ती खरीखुरी माणसे होती, हे एकदा पटल्यावर ज्या सभेने त्यांना घडविले तिच्यापासून दूर राहणे तिला अप्रामाणिकपणाचे वाटले.

त्यानंतर तिने वृत्तपत्रांतून वादविवाद केले, आपल्या श्रद्धेची बाजू धारदार शब्दांत मांडली. डॉमिनिकन संघाच्या प्रापंचिकांच्या तृतीय शाखेची ती सभासद झाली. 'ओलाव्ह औदुन्सोन' ही दुसरी मध्ययुगीन महाकादंबरी १९२५ ते १९२७ या काळात प्रसिद्ध झाली. कबूल न केलेले एक पाप माणसाचे जीवन आतून कसे पोखरते, हा तिचा विषय. पापनिवेदनाच्या साक्रामेंताविषयी वाचू इच्छिणाऱ्याने ही कादंबरी अवश्य पाहावी.

१९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाव्हरान्सच्या लेकीने तिला श्रीमंत केले, परंतु पारितोषिकाची रक्कम तिने स्वतःकडे ठेवली नाही. मतिमंद मुलांना घरीच सांभाळणाऱ्या कुटुंबांना साहाय्य मिळावे म्हणून तिने मोठा वाटा देऊन निधी स्थापन केला आणि त्यास मोस्सचे नाव दिले. उर्वरित रकमेतून गरजू लेखकांसाठी आणि मुलांना कॅथलिक शाळेत घालू इच्छिणाऱ्या गरीब कुटुंबांसाठी तरतूद झाली. अशा मुलांना दूर संस्थेत ठेवण्याचा प्रघात त्या काळी रुळला होता. मोस्स शेवटपर्यंत घरीच राहिली. तिला फारसे बोलता येत नव्हते आणि आकडीचा त्रास होता. १९३९ साली, तेविसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. त्याच वर्षी सिग्रिडची आईही वारली.

जानेवारी १९४० मध्ये रशियाच्या आक्रमणाने होरपळलेल्या फिनलंडच्या मदतीसाठी सिग्रिडने आपले नोबेल सुवर्णपदक देऊन टाकले. याच देशाचे दुसरे नोबेल विजेते कादंबरीकार क्नूट हामसून यांनी १९४३ साली आपले पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यास भेट दिले. दोन पदकांचे हे दोन प्रवास आम्ही केवळ नोंदवून ठेवतो.

नाझी विचारसरणीवर सिग्रिड उंडसेटने १९३० च्या दशकातच कठोर टीका केली होती. त्यामुळे एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत शिरताच तिला घर सोडावे लागले. ती स्वीडनमध्ये पोहोचली आणि तेथे तिला बातमी कळली की, थोरला मुलगा आंदर्स लिलेहामरपासून जवळच शत्रूशी लढताना धारातीर्थी पडला. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. हान्ससह ती रशिया, सैबेरिया, जपान असा प्रवास करीत अमेरिकेत गेली आणि युद्ध संपेपर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहिली. व्याख्याने आणि लेख यांच्याद्वारे ती आपल्या व्यापलेल्या देशाची बाजू मांडीत राहिली. इकडे तिच्या घराचा ताबा जर्मनांनी घेतला होता.

तिच्या चरित्राचा हा भाग सांगताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. १९४५ साली तिने जर्मन जनतेच्या पुनर्शिक्षणाविषयी एक लेख लिहिला. त्यात साऱ्या जर्मन राष्ट्राविषयी इतकी कठोर भूमिका होती की जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी त्यास जाहीर उत्तर दिले. यास्पर्स यांची पत्नी यहुदी होती आणि नाझी राजवटीत त्यांनी स्वतः सोसले होते. एका संपूर्ण जनसमूहास असे दोषी ठरविता येत नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांला योग्य वाटते. क्षमा करणे किती कठीण असते हे सिग्रिडने क्रिस्टिनच्या रूपाने हजारांहून अधिक पृष्ठांत दाखविले होते. मुलाच्या मृत्यूनंतर ती स्वतः त्याच वळणावर येऊन उभी राहिली. संतपदाचा मुलामा देऊन हा प्रसंग झाकण्याची आवश्यकता नाही.

युद्ध संपल्यावर १९४५ साली ती मायदेशी परतली. १९४७ साली राजाने तिला संत ओलाव्ह यांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान दिला. प्रकृती खालावली होती, लेखणी मंदावली होती. अखेरच्या काळात तिने सिएन्नाच्या संत कॅथरिन यांचे चरित्र लिहिले. ते तिच्या पश्चात १९५१ साली प्रसिद्ध झाले. १० जून १९४९ रोजी लिलेहामर येथे तिचे निधन झाले. जवळच्या मेस्नाली गावातील दफनभूमीत मोस्स आणि आंदर्स यांच्या शेजारी तिला विश्रांती मिळाली.

क्रिस्टिनची कथा निदारोसजवळच्या एका मठात संपते. १३४९ सालची महामारी चालू असते. एका गरीब स्त्रीचे प्रेत कोणी उचलीत नाही, ते उचलण्यास क्रिस्टिन पुढे होते आणि त्यातच तिला लागण होते. मृत्युशय्येवर ती त्या अनोळखी स्त्रीसाठी मिस्सा अर्पण व्हाव्यात म्हणून आपली लग्नाची अंगठी देऊन टाकते. बोटावर उरलेल्या ठशात तिला धन्य कुमारी मरियेचे आद्याक्षर दिसते. ज्या विवाहाविषयी ती आयुष्यभर धुसफुसत राहिली, त्याच विवाहाच्या खुणेने प्रभूने तिला आपली दासी म्हणून राखले होते, हे तिला तेव्हा उमगते.

ज्यांना ही कादंबरी इंग्रजीतून वाचावयाची आहे त्यांनी टीना ननली यांचा अनुवाद निवडावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनुवादाची भाषा मुद्दाम जुनाट केलेली असल्याने दमविते. पहिली शंभर पृष्ठे नावांच्या गर्दीमुळे जड जातील. तेवढी नेटाने ओलांडली की पुढे अडचण येत नाही. उपवासकाळात वाचावयास घेतल्यास पुनरुत्थानाच्या सणापर्यंत तिन्ही खंड सहज पूर्ण होतात.