विश्लेषण : हातभट्ट्या उद्ध्वस्त करणाऱ्या अधिकाऱ्यानेच बदलली व्हिस्कीची दुनिया! कोण होते एनिअस कॉफी?

जगभरात खपणाऱ्या ब्लेंडेड स्कॉचच्या बहुतेक प्रत्येक बाटलीत ‘ग्रेन व्हिस्की’ असते. तरीही चर्चा होते ती माल्टची. ग्रेन व्हिस्की म्हणजे हलकी, स्वस्त, भरीची व्हिस्की असा समज अनेक वर्षे होता. आता मात्र ‘सिंगल ग्रेन’ नावाने ती स्वतंत्रपणे विकली जाते आणि शौकीन तिची चव ताडून पाहतात. ही व्हिस्की ज्या यंत्रामुळे घराघरांत पोहोचली, ते यंत्र एका आयरिश अबकारी अधिकाऱ्याने तयार केले. त्यांच्याच देशाने ते नाकारले आणि त्याची मोठी किंमत मोजली.

कोण होते एनिअस कॉफी?

नाव कॉफी असले तरी त्यांचा त्या पेयाशी काही संबंध नाही. १७८० मध्ये आयरिश कुटुंबात जन्मलेले एनिअस कॉफी १८०० च्या सुमारास अबकारी खात्यात रुजू झाले. मद्याचे मोजमाप करणे, कर वसूल करणे आणि बेकायदा भट्ट्या शोधून काढणे हे त्यांचे काम.

हे काम जिवावर बेतणारे होते. आयर्लंडच्या ग्रामीण भागात ‘पोटिन’ नावाची हातभट्टीची दारू गावोगाव गाळली जात होती. गरीब शेतकऱ्यांचे भाडे त्यातूनच भागायचे. साहजिकच अबकारी अधिकारी गावाचा शत्रू ठरे. १८१० मध्ये डोनेगल परगण्यात कॉफी यांच्यावर जमावाने हल्ला केला. त्यात ते गंभीर जखमी झाले, पण नोकरी सोडली नाही. एकेक पायरी चढत ते आयर्लंडच्या अबकारी खात्याचे महानिरीक्षक झाले.

कराच्या कायद्याशी त्यांचा संबंध काय?

त्या काळी आयर्लंडमध्ये प्रत्यक्ष उत्पादनावर नव्हे, तर भट्टीच्या आकारावरून उत्पादन गृहीत धरून कर लावला जाई. त्यामुळे जो जास्त वेगाने दारू गाळेल त्याचा फायदा. परिणामी घाईघाईत निकृष्ट मद्य तयार होई आणि लहान उत्पादक बेकायदा धंद्याकडे वळत. ही पद्धत मोडीत काढणारा कायदा १८२३ मध्ये आला. ठरावीक परवाना शुल्क आणि तयार झालेल्या प्रत्येक गॅलनवर कर, असे त्याचे सूत्र होते. हा बदल घडवण्यात कॉफी यांच्या अनुभवाचा मोठा वाटा होता. त्यानंतर वर्षभरातच, १८२४ मध्ये, त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि डब्लिनमध्ये स्वतःच डिस्टिलरी चालवायला घेतली.

कॉफी यांनी नेमका कोणता शोध लावला?

पारंपरिक ‘पॉट स्टिल’ म्हणजे तांब्याचा मोठा हंडा. त्यात आंबवलेल्या धान्याचे पाणी, म्हणजे ‘वॉश’ भरायचा, उकळायचा, वाफ थंड करून मद्य गोळा करायचे. मग हंडा रिकामा करून साफ करायचा आणि पुन्हा भरायचा. प्रत्येक घाण्याला वेळ आणि इंधन वाया जाई.

सलग चालणारी भट्टी बनवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टाइन यांनी १८२० च्या दशकातच अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. मात्र कॉफी यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेली रचना अधिक कार्यक्षम ठरली. अबकारी खात्यातल्या नोकरीत त्यांनी असंख्य भट्ट्या आतून-बाहेरून पाहिल्या होत्या, ही त्यांची जमेची बाजू.

हे यंत्र कसे चालते?

यात दोन उंच मनोरे असतात. पहिला ‘अ‍ॅनालायझर’, दुसरा ‘रेक्टिफायर’. पहिल्या मनोऱ्यात वरून वॉश सोडला जातो आणि खालून वाफ. मध्ये छिद्रे असलेल्या प्लेट्स एकावर एक रचलेल्या असतात. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे खाली उतरणाऱ्या वॉशमधले अल्कोहोल वाफेसोबत वर निघून जाते.

ही वाफ दुसऱ्या मनोऱ्याच्या तळाशी जाते. तिथे नळीतून थंड वॉश वाहत असतो. वाफ या नळीवर थंड होते आणि त्याच वेळी वॉश फुकटात तापतो. तोच तापलेला वॉश मग पहिल्या मनोऱ्यात जातो. म्हणजे एकाच उष्णतेचा दोनदा वापर! पॉट स्टिलमध्ये दोनदा गाळून साधारण ७० टक्के तीव्रतेचे मद्य मिळते. कॉफी स्टिलमध्ये एकाच फेरीत ९४ टक्क्यांच्या आसपास पोहोचता येते आणि यंत्र थांबवावे लागत नाही.

आयर्लंडने ते का नाकारले?

डब्लिनचे बडे उत्पादक तेव्हा जगातल्या नामांकित व्हिस्की उत्पादकांत गणले जात. त्यांच्या मते या यंत्रातून निघणारे मद्य बेचव होते, ती व्हिस्कीच नव्हे. चवीपुरता त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मद्य जितके शुद्ध, तितके धान्याचे स्वाद कमी.

स्कॉटलंडच्या लोलँड भागातील उत्पादकांनी मात्र वेगळा विचार केला. स्वस्त, हलकी ग्रेन व्हिस्की आणि तीव्र चवीची माल्ट यांचे मिश्रण केले तर? १८६० च्या कायद्यानंतर कर भरण्याआधीच गोदामात असे मिश्रण करता येऊ लागले आणि एडिनबरोच्या अँड्र्यू अशर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी ब्लेंडेड स्कॉचला बाजारपेठ मिळवून दिली. त्याच सुमारास फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. ब्रँडीचा तुटवडा झाला आणि ती जागा स्कॉचने घेतली.

दरम्यान, कॉफी यांनी १८३५ मध्ये मुलांसह लंडनमध्ये यंत्रे बनवण्याची कंपनी थाटली होती. १८७२ मध्ये ती जॉन डोर यांच्याकडे गेली.

ग्रेन व्हिस्की ‘खरी’ व्हिस्की कधी ठरली?

हा वाद थेट न्यायालयात गेला. १९०५-०६ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातील खटल्यात दंडाधिकाऱ्यांनी कॉफी स्टिलच्या मद्याला व्हिस्की म्हणण्यास नकार दिला. अखेर १९०८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. १९०९ च्या अहवालात आयोगाने ग्रेन व्हिस्कीच्या बाजूने कौल दिला. पुढे स्वातंत्र्यलढा, ब्रिटनशी व्यापारयुद्ध आणि अमेरिकेतील दारूबंदी यांमुळे आयरिश उद्योग आणखी खचला.

ग्रेन व्हिस्कीची चव कशी ताडतात?

‘सिंगल ग्रेन’ म्हणजे एकाच धान्याची नव्हे, तर एकाच डिस्टिलरीची व्हिस्की. स्कॉटलंडमध्ये ती मुख्यतः गहू किंवा मक्यापासून बनते, सोबत थोडे माल्ट केलेले बार्ली असते. उदाहरणार्थ, कॅमरनब्रिजमध्ये गहू, तर नॉर्थ ब्रिटिशमध्ये मका वापरतात. नियमानुसार स्कॉच ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेवर गाळावी लागते आणि किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरवावी लागते.

मूळ मद्य हलके असल्याने पिंपाचा प्रभाव मोठा. बर्बनच्या जुन्या पिंपात मुरलेल्या ग्रेनमध्ये व्हॅनिला, नारळ, टॉफीच्या छटा जाणवतात. म्हणून तुलना करताना वय आणि पिंप सारखे असलेले नमुने निवडतात. आधी वास, मग छोटा घोट, मग पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा वास, असा क्रम असतो. जपानच्या निक्का कंपनीने १९६३ मध्ये कॉफी स्टिल बसवली. तिच्या ‘कॉफी ग्रेन’ या व्हिस्कीच्या नावात कॉफी यांचेच नाव आहे.

महाराष्ट्राशी काय संबंध?

राज्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत उंच मनोरे दिसतात. मळीपासून अल्कोहोल आणि पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल तिथे तयार होते. आजचे तंत्रज्ञान खूप पुढे गेले आहे, पण प्लेट्सच्या मनोऱ्यात वरून द्रव, खालून वाफ आणि प्रक्रिया सलग, हे तत्त्व तेच. हातभट्टीवाल्यांच्या मागे धावणाऱ्या कॉफी यांचे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यांचे यंत्र मात्र रूप बदलून अजूनही सुरू आहे.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)